लांबच्या ओळीची पाळी

बहादरपूरच्या शिवारात मालूबाईला लोक तिच्या चालीवरून ओळखतात. तीस वर्षं डोक्यावर केळीचे घड वाहून तिची मान अशी ताठ झाली आहे की रिकाम्या हातानं साखर आणायला निघाली तरी वाटतं, हिच्या डोक्यावर काहीतरी आहे आणि ते पडू नये म्हणून ही जपून चालली आहे. शाळा चौथीपर्यंत झाली. लग्न होऊन इथं आली, आणि आली त्या वर्षापासून केळीच्या कामावर जाते. नवऱ्याचं नाव दगा. तो ट्रॅक्टर चालवतो आणि बोलतो कमी. एकच मुलगी, तृप्ती. ती रोज बऱ्हाणपूरला कॉलेजला जाते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला; मध्य प्रदेश असल्यानं शिकणं सगळं हिंदीतून.

तृप्तीनं कॉलेजात आईचं काम कधी सांगितलं नव्हतं. "घरी शेती आहे," एवढंच ती म्हणे. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो आणि तो कशानंही निघत नाही. मालूबाईचं एकही लुगडं बिनडागाचं नव्हतं. मैत्रीण दारात आली की तृप्ती तिला बाहेरच्या बाहेर घेऊन जाई. मालूबाईला हे कळत होतं.

मागच्या वर्षी गणपती उठले त्या आठवड्यात राज्यशास्त्राच्या अश्विनी मॅडमनी मुलांना निबंध दिला: समजा, तुमच्या गावात साम्यवाद आला, तर जगणं कसं असेल? तृप्तीनं मोबाईलवर बघून दोन पानं उतरवून काढली. शेजारी मालूबाई भाकरी थापत होती.

"काय लिहून राह्यली?"

"असाइनमेंट आहे, माय. एकदम बोअर."

"वाच नं. मले पन ऐकू दे."

तृप्तीनं वाचलं. हिंदी जड होती, म्हणून मग तिनं सोपं करून सांगितलं. "मतलब, शेत, कारखाना, काहीच कोणा एकाचं नाही. सगळं सगळ्यांचं. सगळे काम करतील, ज्याला जे पाहिजे ते त्याला भेटेल. कोणी बडा नाही, कोणी छोटा नाही."

मालूबाईचा हात पिठात तसाच थांबला. "केळी तर राहतीलच नं तवा?"

"राहतील ना."

"मंग लांबच्या ओळीतून घड कोन आणेल?"

तृप्तीला हसू आलं. "हे काय विचारते तू? सगळे आणतील."

"सगळे म्हणजे कोन? नाव सांग."

तृप्ती पुन्हा मोबाईलवर शोधू लागली. तव्यावरची भाकरी करपली.

मालूबाई उगाच विचारत नव्हती. माल भरायची गाडी उभी राहते रस्त्याला. रस्त्याकडच्या ओळीतला घड पन्नास पावलांत गाडीशी येतो. नाल्याकडच्या ओळीतला आणायला घोटाभर चिखल तुडवत अख्खं शेत ओलांडावं लागतं, आणि घड असतो वीस-पंचवीस किलोचा. कुणी कुठे जायचं ते रोज सकाळी मुकादम सुपडू सांगे. त्याची भावजय आणि तिच्या दोघी-तिघी मैत्रिणी टाक्यापाशी सावलीत बसून तुरटीच्या पाण्यात केळी धूत. नवी आलेली, म्हातारी झालेली किंवा कधी उलट बोललेली बाई नाल्याकडे. मालूबाई अकरा वर्षं नाल्याकडे होती, कारण एकदा भर उन्हात तिनं पाणी प्यायला थांबू द्या म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत तिनं तो निबंध आठवेल तसा बायांना सांगितला. सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"सगळं सगळ्यांचं? मंग माही बकरीबी सगळ्यांची?" रुख्मिणीबाई घाबरल्या. त्यांची साठी उलटून गेली होती आणि घरात त्या व ती बकरी, दोघीच होत्या.

"बकरी ठेव तुझी. दूध वाट," अलका म्हणाली. ही गटातली सगळ्यात तरणी आणि तोंडाची तिखट. "मी तर म्हणते, तसं झालं तर दवाखान्यात मोठ्या माणसाले पहिले बोलवणार नाही. आपला नंबर लागंल तवा आपन."

"पोरीले कॉलेजात पाठवाले कोनाले विचारा नाही लागणार," दुसरी म्हणाली.

"अन् मुकादम?" मालूबाईनं विचारलं. "तवा सांगंल कोन, कोनी कुठं जायचं?"

रुख्मिणीबाई भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "सांगणारा राहीलच वं. नाव दुसरं असंल."

हे वाक्य मालूबाईच्या डोक्यात दिवसभर फिरत राहिलं. घरी येऊन तिनं तृप्तीला विचारलं, तृप्तीनं कॉलेजात मॅडमना. मॅडम म्हणाल्या, "मोठमोठ्या देशांत याच प्रश्नावर गाडी अडली. कोण विचारतं हे?" तृप्ती म्हणाली, "शेजारच्या एक बाई आहेत."

चार दिवसांनी सकाळी सुपडू नावं सांगायला उभा राहिला तशी मालूबाई पुढे झाली. "सुपडूभाऊ, आज आम्ही आमचंच ठरवून घेतो. लांबची ओळ पाळीपाळीनं. सगळ्याजणी."

सुपडू तसा वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त गाडीची काळजी. "मले काय. चारला गाडी भरली पाह्यजे."

गाडी साडेसहाला भरली. सगळ्यांनी सगळं सारखं करायचं ठरवलं होतं, आणि तसंच केलं होतं. अलका पहिल्यांदाच क्रेटमध्ये माल लावायला बसली. तिनं केळ्यांच्या फण्या दाबून भरल्या आणि सालं खरचटली. व्यापाऱ्याच्या माणसानं तेवढे क्रेट परत उतरवले. त्याहून वाईट म्हणजे पाळीप्रमाणे रुख्मिणीबाई नाल्याकडे गेल्या आणि घडासकट चिखलात पडल्या. गुडघा सुजला.

"झालं तुमचं राज?" सुपडू म्हणाला. त्याची भावजय तोंडावर पदर धरून हसली.

मालूबाई घरी आली ती थेट ओट्यावर बसून राहिली. जेवली नाही. दगानं पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला आणि म्हणाला, "ट्रॅक्टरबी पहिल्या दिवशी नालीत गेलता माह्या हातून." एवढं बोलून तो आत गेला. त्या महिन्यातलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं असावं ते.

सकाळी ती रुख्मिणीबाईंकडे गेली. म्हातारी बाजेवर पडून होती, गुडघ्याला हळदीचा लेप.

"माही चूक झाली, मावशी."

"चूक झाली खरी," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "मले घड नको देऊ. मले टाक्यापाशी बसव. कोणतं केळ परवा पिकतं अन् कोणतं दिल्लीपर्यंत टिकतं, ते मी नुसतं पाहून सांगते. चाळीस वर्षांत कोनी विचारलंच नाही."

त्या दिवसापासून बायांनी ठरवलेलं बदललं. वाहायचं काम पाळीनं, पण ज्यांच्या अंगात ताकद आहे त्यांच्यातच. रुख्मिणीबाई टाक्यापाशी बसून माल निवडतील आणि रोज एकीला शेजारी बसवून शिकवतील. सुपडूची भावजय आठ दिवस रुसून कामावर आली नाही. नवव्या दिवशी आली, गुपचूप कापडाची चुंबळ डोक्यावर ठेवली आणि नाल्याकडे गेली. परतल्यावर म्हणाली, "इतकं लांब आहे हे मले माहीतच नव्हतं." कुणी टोमणा मारला नाही. दिवाळीपर्यंत गाडी चारच्या आधीच भरू लागली आणि सुपडूनं सकाळी नावं सांगणं सोडून दिलं.

आता बाया मालूबाईला विचारू लागल्या. आज कोण? उद्या कोण? ती सांगे. सांगता सांगता महिना गेला. एक दिवस अलका घड उतरवून तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मावशी, तुझी पाळी परवा होती. तू तर टाक्यापाशीच बसून हायेस."

मालूबाईचे कान तापले. हिशेब ठेवायला कुणीतरी जवळ पाहिजे, असं ती म्हणणार होती. शब्द ओठांवर आले आणि तिला कळलं, सुपडूही हेच म्हणायचा. ती उठली, पदर खोचला आणि नाल्याकडे चालू लागली. त्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून आणखी एक ठरवलं: सांगायचं कामसुद्धा आठवड्याआठवड्यानं बदलायचं.

दिवाळीआधीच्या एका रविवारी, निबंध द्यायचा अजून बाकी असताना, तृप्ती शेतावर आली होती. आईचा डबा घरी राहिला होता, तो द्यायला. ती दिवसभर थांबली. एक घड उचलून पाहिला, वीस पावलांत खाली ठेवला. घरी येऊन मोबाईलवरून उतरवलेली पानं तिनं फाडली आणि नवा निबंध लिहिला. वर्गात वाचायची वेळ आली तेव्हा ती वही दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. पहिलंच वाक्य होतं, 'मेरी माँ केले के घड़ उठाती है.' मागच्या बाकावरची किरण तास संपल्यावर जवळ आली आणि म्हणाली, "यार, मेरी माँ भी." मॅडमनी निबंधाखाली लिहिलं, व्याख्या राहिली, पण प्रश्न कुणाचा होता ते आता समजलं. त्यांना सांग, प्रश्न बरोबर आहे.

तृप्तीनं आईला ते वाचून दाखवलं. मालूबाई म्हणाली, "व्याख्या काहून राहू दिली? ती बी लिहायची."

गावात साम्यवाद आलेला नाही. शेत ज्याचं त्याचंच आहे, गाडी व्यापाऱ्याची, आणि लांबची ओळ आहे तिथंच आहे. मालूबाईलाही यात काही मोठं घडलं असं वाटत नाही. पण यंदा उन्हाळ्यात अलकाला दिवस गेले. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी ओकारी आली तेव्हा बायांना कळलं. त्या दिवशी तिची नाल्याकडची पाळी होती. ती चुंबळ शोधायला वाकली, तर चुंबळ जागेवर नव्हती. सुपडूची भावजय ती घेऊन केव्हाच पुढे गेली होती.

"अवं, माही पाळी आहे!" अलका मागून ओरडली.

"बस टाक्यापाशी," रुख्मिणीबाईंनी तिला हाताला धरून खाली बसवलं आणि एक फणी तिच्या पुढ्यात ठेवली. "हे पाह्य नीट. सांग, हे केळ किती दिवस टिकंल?"