पाँडिचेरीतली संथा

नाशिकरोडला गाडी हलली तेव्हा अण्णा माझ्याशी नव्हे, जावयाशी बोलत होते. "पाणी उकळून प्या," एवढंच. ह्यांना पाँडिचेरीच्या कापडगिरणीत नोकरी लागली होती आणि मी बिऱ्हाड बांधून त्यांच्याबरोबर निघाले होते. पंचवटीतल्या मैत्रिणींनो, तुम्ही फलाटावर डोळे पुसत होतात. मी मात्र वडिलांवर रुसून बसले होते.

रुसवा जुना होता. अण्णा वेदपाठी. पडवीत मुलांना संथा द्यायचे: ते एकदा म्हणत, शिष्य दोनदा. आधी एकेक पद सुटं, मग जोडून. "सोडवल्याशिवाय जोडू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलीला संथा देत नाहीत, म्हणून मला मिळाली नाही. पण स्वयंपाकघराला भिंत असली तरी पोळ्या लाटणारीला कान असतातच. मी सगळं ऐकत होते, आणि दारातून शिष्यांचे स्वरांबरोबर वर-खाली होणारे हातही बघत होते.

पाँडिचेरीत कारभार सगळा फ्रेंचांचा. घरात वेळ जाईना, म्हणून दवाखान्यात सुईणीचं काम शिकायला लागले. परीक्षा तोंडी आणि फ्रेंचमध्ये. नापास झाले असते तर पुन्हा चूल होतीच. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या सिस्टरनं एक शब्द टाळ्या वाजवत तोडून सांगितला: अ, कूश, माँ. मी तो दोनदा म्हटला, आणि हातही आपोआप वर-खाली झाला. तमिळ मुली पदरात तोंड घालून हसल्या. सिस्टर हसली नाही. तिनं मग अर्थाचीही फोड करून दिली. मधलं 'कूश' म्हणजे अंथरूण, शेवटचं 'माँ' क्रिया दाखवणारं, आणि सगळं मिळून बाळंतपण. तेव्हापासून मी लांबलचक शब्दांना भ्यायचं सोडलं. आधी सोडवायचे, मग जोडायचे.

पास झाले, पण आनंद अर्धाच झाला. ज्यांनी दिलं नाही त्यांचंच घेऊन आपण पास झालो, हे त्यांना कोण सांगणार?

पुढे माहेरी गेले. आईनं सहज विचारलं, "तिकडे बाळंतपणाला काय गं म्हणतात?" मी फोड करून सांगितली.

"अंथरूणच ना? म्हणजे आपली बाळंतिणीची बाज," आई म्हणाली.

पडवीतून अण्णांची हाक आली. आता बोलणी खावी लागणार, असं वाटून मी गेले. त्यांनी समोर पाट सरकवला. "बैस. मघाचा शब्द म्हण. सावकाश."

"अ, कूश, माँ."

अण्णांनी डोळे मिटले आणि तो शब्द म्हटला. थोडं थांबून पुन्हा एकदा म्हटला. मला रडू आवरेना.

आता इथं पाँडिचेरीच्या दवाखान्यात नव्या मुलींना मीच शिकवते. माझ्यासारख्या दूर गेलेल्या बायका विचारतात, तुझं घर नक्की कुठलं? काय सांगू? मी शब्द एकदा म्हणते, मुली एकदाच म्हणून थांबतात. मी म्हणते, "पुन्हा." त्या पुन्हा म्हणतात, तेवढा वेळ मी आमच्या पडवीत त्या पाटावर बसलेली असते.