आईच्या नावासाठी मागितलेली माफी

माझ्या लहानपणी आई उन्हाळाभर दुसऱ्यांच्या घरांच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, बिबडे घालायची, ज्वारीचे पापड. ज्वारीचं पीठ पहाटे शिजवायचं, ऊन चढायच्या आत ओल्या फडक्यावर थापायचं, वाळलं की ज्यांची ज्वारी त्यांच्या डब्यात भरून द्यायचं. आमच्या वाट्याला तुकडे. वडील जिनिंगमध्ये हमाल, कापसाचा हंगाम संपला की घरी बसून. मी बी.कॉम. झालो तो आईच्या त्या थापण्यावर. हे मी कुठेही मान ताठ ठेवून सांगतो.

कॉलेजात असतानाच मी तिला म्हणालो, आता स्वतःचे विकायचे. पाकिटावर तिचं नाव छापलं. नुसतं पहिलं नाव, मोठ्या अक्षरात. पारोळा, एरंडोल, धुळे, सगळीकडच्या दुकानांत माल जाऊ लागला. बरीच वर्षं नीट चाललं.

मग नोटीस आली. दिल्लीची एक मोठी कंपनी, पापड-लोणची विकणारी. तिच्या मालाचंही नाव तेच, सरकारदरबारी नोंदवलेलं. पंधरा दिवसांत नाव काढा, छापलेली पाकिटं नष्ट करा, नाहीतर दिल्लीच्या कोर्टात या.

मी आईला अर्थ सांगितला. ती हसलीच.

"मनं नाव त्यासनं कसं शे? आपला गल्लीमा त्या नावन्या तीन बाया शेतस. त्यासले बी नोटीस धाडतीन का?"

घरात शिकलेला मी एकटाच. वकील कशाला हवा, म्हणून उत्तर मीच लिहिलं. शाळेपासून अर्ज लिहायची जी रीत हातात बसली होती तीच वापरली. महोदय, हे माझ्या आईचं नाव आहे, कृपया विचार व्हावा. आणि शेवटी, आपण कोणत्याही अर्जाच्या शेवटी लिहितो तसं, काही चूक झाली असल्यास क्षमा असावी. इंग्रजीत ते आणखीच नम्र झालं.

त्यांचं उत्तर लगेच आलं. तुम्ही चूक कबूल केली आहे, आता हे नाव पुन्हा वापरणार नाही अशा सोबतच्या हमीपत्रावर सही करा. दुकानदारांनाही पत्रं गेली. पारोळ्याच्या दुकानदाराने खोकी बाहेर काढून ठेवली. "भाऊ, माल एक नंबर आहे, पण मला दिल्ली दाखवू नका."

नाव काढलं तर आमचा माल कोण ओळखणार? ठेवलं तर दिल्लीच्या तारखा. आणि माझ्या सहीचं ते क्षमेचं पत्र तर आधीच त्यांच्या हातात. आई बिननावाच्या पिशव्यांत बिबडे भरायची. गिऱ्हाईक विचारायचं, हे तेच का? ती नुसती मान हलवायची. एक दिवस मला म्हणाली, "शिकीसन बी माफीच मांगी का रे? कसानी मांगी?"

शेवटी धुळ्याच्या वकिलाकडे गेलो. माझं पत्र वाचून त्यांनी चष्मा काढला.

"ही क्षमा कोणी लिहायला सांगितली?"

"रीत आहे, साहेब."

"ती रीत तुमच्या-माझ्यात. तिकडे तिला कबुली म्हणतात."

पण त्यांनी हात झटकले नाहीत. आईचं आधार कार्ड घेतलं, शाळेचा दाखला आणायला लावला. आईच्या बचत गटाच्या प्रदर्शनांची जुनी प्रमाणपत्रं मी ट्रंकेतून शोधली. त्यांवर स्टॉलचं नाव म्हणून आईचंच नाव होतं, तारीखही. माणसाला स्वतःचं नाव धंद्यात प्रामाणिकपणे वापरता येतं, आणि अर्जातला शिष्टाचार म्हणजे कबुली नव्हे, असं त्यांनी कडक भाषेत लिहिलं. शेवटी क्षमा नव्हती. मी दोनदा तपासलं.

दीड वर्ष पत्रं जात-येत राहिली. त्या काळात एरंडोलची दुकानं सुटली ती सुटलीच. मग कंपनीने लेखी तडजोड केली. पाकिटावर आईचं पूर्ण नाव, आडनावासकट, सगळी अक्षरं एकाच आकाराची, खाली गावाचं नाव. विक्री जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतच. त्याबाहेर नाही.

हवं होतं तेवढं मिळालं नाही. पण आईचं नाव पाकिटावर राहिलं.