अठ्ठावीस मिलिमीटरचे मराठे

मी आणि माझा मित्र, दोघंही साठीला टेकलेले, बोटाच्या पेराएवढ्या सैनिकांशी खेळायचो. लोक हसतात, हसू देत. इतिहासातली एखादी लढाई घ्यायची, दोन्ही बाजूंचे सैनिक रंगवायचे, टेबलावर डोंगर-नाले मांडायचे आणि फासे टाकून ती लढाई पुन्हा लढायची, असा हा छंद. मी ठाण्यात नौपाड्याला राहतो, तो विठ्ठलवाडीला. कॉलेजात एका बाकावर बसायचो, तेव्हापासूनची मैत्री. मी तीस वर्षं एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो, तो टेलिफोन खात्यात. त्यामुळे मोजमापात माझा शब्द शेवटचा, हे आमच्यात न बोलताच ठरून गेलं होतं.

या छंदात माप हा मोठा वैताग आहे. दोन कंपन्यांच्या खोक्यांवर अठ्ठावीस मिलिमीटर असंच छापलेलं असतं, पण त्यांचे सैनिक शेजारी ठेवले की एक काका दिसतो आणि एक पुतण्या. कारण कुणी तळपायापासून डोळ्यापर्यंत मोजतं, कुणी डोक्याच्या टोकापर्यंत. जाणकार डोळ्यापर्यंत मोजतात. डोक्यावर पागोटं असलं की त्याखाली टाळू कुठे आहे ते कळत नाही, डोळा मात्र दिसतो. यावर मी तासभर बोलू शकतो. समोरचा जांभया देत असतानाही बोललेलो आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वी नौपाड्यातल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये आमच्यासारख्या हौशी लोकांचं प्रदर्शन ठरलं. आम्ही पानिपत मांडायचं ठरवलं. अफगाण मी करणार, मराठे तो. अफगाण बाहेरून मागवता येतात. धड मराठे कुणी बनवत नाही, म्हणून त्याने डोंबिवलीत एकाला गाठून थ्रीडी प्रिंटरवर ते काढून घेतले. मला फोनवर विचारलं, ‘‘साइज काय ठेवू रे?’’ मी म्हणालो, ‘‘अठ्ठावीस.’’ विषय संपला.

पुढचं दीड वर्ष आम्ही आपापल्या घरी रंगवत बसलो. रंग पूर्ण झाल्याशिवाय एकमेकांना काही दाखवायचं नाही, हा आमचा जुना हट्ट. मध्ये त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तरी भिंगाखाली धरून त्याने एकशे चाळीस माणसं रंगवली. प्रत्येकाचा शेला वेगळा, प्रत्येकाला मिशी.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी त्याने मिठाईच्या खोक्यांतून, कापसात गुंडाळलेलं आपलं सैन्य हॉलवर आणलं. एक मराठा उचलून माझ्या अफगाणासमोर ठेवला आणि माझं डोकंच फिरलं. मराठ्याच्या पगडीचं टोक अफगाणाच्या डोळ्याशी येत होतं. त्याने अठ्ठावीस मोजले होते पायापासून पगडीच्या टोकापर्यंत.

आयोजक शेजारीच उभे होते. मी त्यांच्यासमोर म्हणालो, ‘‘हे मराठे आहेत की बालवाडीची सहल?’’

आयोजक खो खो हसले. तो हसला नाही. म्हणाला, ‘‘अरे, मागच्या बाजूला लावू या ना. लांबची माणसं लहानच दिसतात.’’ युक्ती चांगली होती, पुष्कळ लोक तसं करतात. पण माझ्या अंगात तेव्हा ड्राफ्ट्समन संचारला होता. म्हटलं, ‘‘माझ्या टेबलावर असलं चालणार नाही.’’ माझ्या टेबलावर म्हणालो. टेबल दोघांचं होतं.

त्याने वाद घातला नाही. एकेक माणूस परत कापसात गुंडाळला, खोकी बांधली आणि निघून गेला. मी त्याला जिन्यापर्यंतही सोडायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर नुसते अफगाण उभे होते, समोर कुणी नाही. येणारा प्रत्येक जण थांबायचा. एका बाईंनी विचारलं, ‘‘पण आपली माणसं कुठे आहेत?’’ मी सांगितलं, अजून तयार नाहीत. दिवसभर हेच खोटं बोलत राहिलो, आणि दिवसभर रागही त्याच्यावरच काढत राहिलो.

राग उतरायला दोन महिने लागले, आणि मग जे उरलं ते जास्त वाईट होतं. कारखान्यात मी पोरांची ड्रॉइंगं त्यांच्या तोंडावर परत फेकायचो. मापाची रेघ कुठून निघते आणि कुठे संपते ते दाखवलं नसेल तर त्या आकड्याला काडीची किंमत नाही, असं ओरडायचो. आणि त्याला मी नुसता आकडा दिला होता. कुठून कुठपर्यंत, ते सांगितलंच नव्हतं. त्याने विचारलं ते माझ्यावर विसंबून. चूक माझी होती, शंभर टक्के माझी. पण एवढं कळूनही मी फोन केला नाही. फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. त्याचाही आला नाही.

शेवटी दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, उठून विठ्ठलवाडीला गेलो. वाटेत वाक्य घोकत होतो: माझं चुकलं, कुठपर्यंत मोजायचं ते मी सांगायला हवं होतं. सोपं वाक्य होतं.

त्याच्या इमारतीच्या आवारात पोरांनी किल्ला केला होता. गोणपाटावर माती, मातीत अळीव उगवलेलं, वर सिंहासनावर प्लास्टरचे महाराज. आणि बुरुजांवर, पायऱ्यांवर, दरवाजात त्याचे एकशे चाळीस मराठे, घोट्यापर्यंत चिखलात रोवलेले. दीड वर्षाचं काम त्याने किल्ल्याला देऊन टाकलं होतं. पानिपतावरचे लोक इथे मावळे झाले होते. तो उकिडवा बसून एक पडलेला भालाईत सरळ करत होता. मला पाहून उठला, हात पुसले. चेहऱ्यावर राग नव्हता. मी काही बोलेन म्हणून थांबला होता, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी किल्ल्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘महाराज मावळ्यांच्या सहापट झालेत.’’

तो म्हणाला, ‘‘किल्ल्यावर महाराज मोठेच असतात.’’ आणि पुन्हा खाली बसून माती थापू लागला.

वरच्या मजल्यावर त्याच्या घराचं दार उघडं होतं, आतून चकलीच्या तळणाचा वास येत होता. चाळीस वर्षांत दिवाळीला त्याच्या घरून मी कधी उपाशी परतलो नव्हतो. त्या दिवशी त्याने मला फराळाला वर चल म्हटलं नाही.