जाताना सत्तेचाळीस, येताना चोपन्न

विमानतळावर त्याला सगळे मिनिटमास्तर म्हणत, तेही पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. काम एवढंच, की विमान कधी सुटलं आणि कधी उतरलं ते वहीत लिहायचं. पण मिजास अशी, की वारासुद्धा याला विचारूनच वाहतो. डोंगरापलीकडचं विमानतळ सरळ रेषेत दोनशे ऐंशी किलोमीटर. जाताना सत्तेचाळीस मिनिटं, येताना वारा समोरून म्हणून चोपन्न. रस्त्याने घाट चढत-उतरत अकरा तास लागत.

पलीकडे हेच काम त्याचा मेहुणा करायचा. स्थळ मास्तरनेच आणलेलं. "सत्तेचाळीस मिनिटांवर तर आहेस," लग्नात रडणाऱ्या धाकट्या बहिणीला तो म्हणाला होता. "हाक मार, आलोच."

महिन्याभरात दोघांचं बिनसलं. विमानाला उशीर झाला की तो कुणाच्या नावावर टाकायचा, यावरून. तीन-तीन मिनिटांसाठी हे दोन बाप्ये फोनवर एकमेकांचा उद्धार करत. त्याच्या दारात पाऊल टाकणार नाही, असं मास्तरने जाहीर केलं आणि नोकरीत वर्षाला मिळणारी दोन फुकट तिकिटं दर वर्षी वाया घालवली. तिसऱ्या वर्षी बहीण फोनवर म्हणाली होती, दादा, एकदा येऊन जा, मग सांगते. तेव्हाही याला रजा नव्हती. असल्या माणसाला भाऊ म्हणायचं, कारण दुसरा शब्द नाही.

अकराव्या वर्षी एका दुपारी मेहुण्याचा फोन आला. बारा दहाला सुटलं, एवढं सांगून तो थांबला नाही. "तुमची बहीण आहे त्यात. यादीत नाव दिसेपर्यंत विमान गेलं. त्याच विमानाने परत पाठवा."

का निघाली, मास्तरने विचारलं.

"तोंड फार चालतं तिचं. सकाळी दोन ठेवून दिल्या. दर वेळी गप्प बसते, आजच काय झालं कोण जाणे."

ते 'दर वेळी' मास्तरच्या कानात रुतलं. त्याने मेहुण्याला ठेवणीतल्या शिव्या घातल्या आणि फोन आपटला. मग बायकोला फोन करून मागची खोली रिकामी करायला सांगितली आणि उन्हात विमानाची वाट बघत उभा राहिला. आपण केवढे भाऊ आहोत, या विचाराने त्याची छाती फुगली होती.

बहीण एका पिशवीनिशी उतरली. डावा डोळा सुजून बंद झाला होता. त्याने पिशवीला हात घातला, तशी तिने ती दुसऱ्या हातात घेतली.

"घरी चल. खोली रिकामी केलीय."

"तुझ्याकडे नाही आले. मैत्रिणीकडे चाललेय, तिने काम बघून ठेवलंय. तुझं विमानतळ वाटेत लागतं, म्हणून उतरले."

मला काही माहीत नव्हतं, असं तो पुटपुटला.

"मी समोरचा वारा घेऊन चोपन्न मिनिटांत आले, दादा," ती म्हणाली. "तुला तर वाऱ्याची साथ होती."

ती फाटकाबाहेर जाऊन टॅक्सीत बसली, मागे न बघता. आत फोन वाजत होता. विमान किती वाजता उतरलं, मेहुणा विचारत होता. मास्तरने वही उघडली. घड्याळ बघायचं तो आयुष्यात पहिल्यांदाच विसरला होता. बारा दहात त्याने तिने सांगितलेली चोपन्न मिनिटं मिळवली आणि तीच वेळ लिहिली.