बॅटरीवाले मामा आणि हायड्रोजनवाले साडू

भविष्यातल्या इंधनावरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत. बॅटरीचा मी आणि हायड्रोजनचे माझे साडू रमेशराव. मी बॅटरीची गाडी घेतली. रमेशराव हायड्रोजनच्या गाडीची वाट बघतायत आणि तोवर माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसतात.

भाच्याचा साखरपुडा धुळ्याला होता. बाकीची मंडळी आदल्या दिवशीच पोचलेली. नवरीची अंगठी तेवढी मामाकडे, म्हणजे माझ्याकडे! सकाळी निघणार, तोच आमच्या मेहरूणच्या गल्लीतली लाईट गेली. शेजारच्या अक्कांचं कळण्याचं, म्हणजे भाकरीच्या ज्वारी-उडदाचं दळण अडलं. मी म्हणालो, "अक्का, आणा तुमची गिरणी. माझ्या गाडीतून वीज बाहेर काढता येते!"

"गाडी अर्धीच भरलीय," रमेशरावांनी टोचलं. "बॅटरी बसेल. हायड्रोजन असता तर..."

"असता तर त्यावर कळणा दळून दाखवा!"

झालं! कळणा दळला. मग कुणाचा ठेच्याचा मिक्सर आला, कुणाची इस्त्री, कुणाची पाण्याची मोटर. एका काकूंनी तर फ्रिज उचलून आणायला चार माणसं मागितली. (मी दोन दिली. त्यातले एक रमेशराव.) गल्ली माझ्याकडे ज्या कौतुकानं बघत होती, त्या कौतुकानं बायकोनं लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. ती एवढंच म्हणत होती, "अहो, मुहूर्त!"

पारोळ्यापर्यंत गाडी पोचली ती निव्वळ लाजेखातर. चार्जिंगचं यंत्र एकच. त्याला दुसरीच गाडी जोडलेली, कुलूपबंद, आणि मालक कुणाच्या तरी लग्नात जेवायला गेलेला!

"हायड्रोजन पाच मिनिटांत भरतो," रमेशराव म्हणाले.

"कुठं भरता?"

"पंप अजून व्हायचाय."

तेवढ्यात बहिणीचा फोन. "भाऊ, नवरी पाटावर बसली! अंगठी कुठंय?"

मी रस्त्यात आडवा झालो. थांबला तो चोपड्याचा केळीचा टेम्पो. बायको अंगठी घेऊन केबिनमध्ये, दोन्ही पक्ष मागे केळीच्या घडांवर. टेम्पो डिझेलचा. धूर असा, की धुळ्यापर्यंत कुणालाच तोंड उघडता आलं नाही.

गुरुजी घड्याळाकडे बघून तिसऱ्यांदा खाकरले आणि आम्ही मांडवात शिरलो. अंगठी मुहूर्तावर बोटात गेली. नवरीच्या आबांनी मात्र मला आपादमस्तक न्याहाळलं. "मामा, गाडी कोठे शे?"

"पारोळाले शे, आबा. बसनी."

"आमना बैल बी रस्तामा बसे. शेपटी पिळी का उठे. तुमनी गाडीले शेपटी शे का?"

अख्खा मांडव हसला. सगळ्यात मोठ्यानं रमेशराव!

दुसऱ्या दिवशी गाडी आणायला आम्ही दोघं एस.टी.नं निघालो. वाद पुन्हा पेटला. शेवटी कंडक्टरच वैतागला, "भाऊ, मग सांगाच एकदा, पुढच्या जमान्यात माणूस फिरणार कशावर?"

मी छाती काढून म्हणालो, "बॅटरीवर! दोन पारोळा द्या."