विहीणबाईंच्या चपला आणि माझी झोप

त्या दिवशी समुद्रकिनारी मी झोपलो नव्हतो.

हे आता लिहूनच टाकतो, कारण आमच्या नागपुरातल्या मनीषनगरच्या घरात मला कसलीही राखण कुणी देत नाही. गॅसवर दूध ठेवलं की बायको म्हणते, "तुमी राहू द्या, तुमाले डुलकी लागन!" डुलकी! मला! (दुपारची सोडा, ती सगळेच घेतात.)

झालं असं. मुलीसाठी कोकणातलं स्थळ आलं होतं. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत. अडलं होतं मुलाच्या आईच्या होकारावर. आम्ही त्यांच्या गावी गेलो, आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्या काय ते सांगणार होत्या. सकाळी म्हणाल्या, "चला, समुद्राच्या कडेकडेने वरच्या देवळापर्यंत पायी जाऊ." निघालो दोन्ही घरची माणसं. पण तिथली हवा! छत्री उघडली की ऊन, मिटली की सर! नागपूरचं ऊन कसं, एकदा पडलं की शब्द फिरवत नाही.

देवळाच्या चढणीवर शेवाळलेला कातळ लागला. "चपला इथेच काढा, घसरतील," विहीणबाई म्हणाल्या. (तेव्हा त्या व्हायच्या होत्या, पण आता तेच तोंडात बसलंय.) सगळ्यांनी एका उंच खडकावर चपला ठेवल्या. मीही काढल्या, वाळूत पाय मोकळे बरे वाटतात म्हणून. माझे गुडघे दुखत होते, तेव्हा राखणीला मी!

"ध्यान ठेवजा," बायकोने बजावलं, "त्यायच्या नव्या हायेत."

"मले काय शिकवून राहिली वं? चपलाच तं हायेत!"

मंडळी वर गेली आणि सर आली. चपला भिजतील म्हणून मी त्या सगळ्या उचलून खाली, वाळूतल्या कोरड्या कपारीत नेऊन ठेवल्या. पाणी वरून येतं, एवढंच मला ठाऊक! आमच्याकडचा तलाव कधी जागा सोडून माणसाच्या अंगावर आलेला नाही.

समुद्र आला! वाटलं, थांबेल. थांबला नाही! लाट कपारीत शिरली, मी घाबरलो, हाताला लागला तो जोड घेऊन खडकावर पळालो. पाहतो तर माझाच! बाकीच्या चपला समुद्रात फिरायला निघाल्या होत्या, विहीणबाईंच्या सर्वांत पुढे.

एवढ्यात वरून आवाज आले. काय सांगणार? लेकीचं लग्न मोडायची वेळ! मी चपला पायात घातल्या, छत्री तोंडावर ओढली आणि घोरू लागलो.

"अव माय! हे तं झोपून राहिले!" बायको किंचाळली.

सगळे खडीच्या रस्त्यावरून अनवाणी परतले, वरून पुन्हा पाऊस. विहीणबाई सर्वांत पुढे, झपाझप. संध्याकाळी मात्र होकार दिला! आता होकार माझ्या झोपेवर टिकलाय म्हटल्यावर मी जागा होणार कसा?

नात आज शाळेत जाते, तरी मन खातच होतं. गेल्या आठवड्यात विहीणबाई आमच्याकडे आल्या. चहा देता देता बायकोने पुन्हा माझ्या त्या झोपेचा विषय काढला, आणि मी उखडलो.

"झोपलो नव्हतो! टक्क जागा होतो! माझ्या डोळ्यांदेखत गेल्या तुमच्या चपला!"

विहीणबाईंनी शांतपणे बशी खाली ठेवली. "ठाऊक आहे भाऊ. सगळ्यांच्या गेल्या आणि तुमच्या तेवढ्या पायात होत्या."

"मंग होकार काहून दिला जी?"

"मुलगी आईवर गेलीय, म्हणून."