दार काढून ठेवलेला दिवस

बारा जानेवारी. सकाळी त्या घरात चार जीव होते, संध्याकाळी तीन.

जो गेला तो एका वृद्धेचा. तिने उभा जन्म एका प्रसूतिगृहात आया म्हणून काढला होता. आसपासच्या इमारतींतली कितीतरी माणसे पहिली अंघोळ तिच्या हातून करून जगात आली होती, म्हणून लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. मुलगा लिफ्टची दुरुस्ती करी. ते स्वतः राहत चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. तरी, किंवा म्हणूनच, शेजारी त्याला लिफ्टवाला म्हणत. सून एका कारखान्यात गणवेश शिवायची. नात अकरा वर्षांची होती.

या घरातला मार बाहेरून दिसत नसे, कारण त्याच्यामागोमाग फर्निचर येत असे. सुनेचा ओठ फुटला, त्यानंतर काचेचे शोकेस आले. बरगडीला तडा गेला, त्यानंतर जेवणाचे टेबल. चूक झाली असे लिफ्टवाला आयुष्यात कधी बोलला नाही. तो दुकानात जाई, एखादी वस्तू पसंत करून येई आणि ती घरात आली की विषय मिटला असे धरून चाले. दोन खोल्यांत चालायला वाट उरली नव्हती. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू दारातून डोकावून म्हणत, "काय गं, आता दुकानच थाटायचं बाकी राहिलंय तुमच्याकडे! नशीब काढलंस हो." सून हसून पदर सावरी. त्या पदराखाली काय आहे हे काकूंना ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. भिंत एकच होती. आवाज वाढला की काकूंच्या घरातला टीव्हीही वाढत असे.

मावशी या व्यवस्थेच्या बाहेर नव्हती, हे नमूद केले पाहिजे. तिने स्वतः नवऱ्याचा मार खाल्ला होता आणि तोंडातून ब्र काढला नव्हता. त्या मौनाला ती संसार समजत आली. सुनेला दवाखान्यात न्यायची वेळ आली की डॉक्टरांसमोर तीच बोले, "बाथरूममध्ये पडली." पुढच्या वेळी जिन्यात, त्याच्या पुढच्या वेळी स्टुलावरून. डॉक्टर मान डोलावून औषध लिहीत. मुलाला तिने इतकी वर्षे पाठीशी घातले, आणि पाठीशी घातलेला माणूस पाठीमागे काय करतो याकडे डोळेझाक केली.

तिने एकच गोष्ट निराळी केली होती. नात पाऊल टाकू लागली त्या सुमारास, मुलगा कामावर गेलेला असताना, तिने प्रसूतिगृहातल्या सुताराला घरी बोलावले आणि आतल्या खोलीच्या दाराला आतून जाड लोखंडी कडी बसवून घेतली. संध्याकाळी मुलाने विचारले तेव्हा म्हणाली, "वाऱ्यानं दार आपटतं रे, पोर दचकते." त्याने ते मान्य केले. तेव्हापासून घरात एक रीत पडली. त्याचा आवाज एका ठरावीक पट्टीत चढला की मावशी म्हणे, "पोरीला झोप आलीय. आत घेऊन जा." मग सकाळ असो की भरदुपार, सून मुलीला उचलून आत जाई, कडी लावी, आणि राग ओसरेपर्यंत दोघी पलंगावर बसून राहत. कडी कशासाठी आहे हे तिघींपैकी कोणी कधी उच्चारले नाही. लिफ्टवाला दारावर लाथा घाली, थके, खाली जाऊन येई. दार टिकले होते.

डिसेंबरात सुनेच्या डाव्या कानाने ऐकू येणे कमी झाले, आणि जानेवारीत तीन दारांचे कपाट ठरले.

दुकानातून आदल्या दिवशी फोन आला. वाट मोकळी ठेवा, चपलांचे स्टँड हलवा, पायपुसणी उचला, आणि आतले दार बिजागरीतून काढून ठेवता आले तर बरे, असे दुकानदार म्हणाला. लिफ्टवाल्याने घोषणा केली, "उद्या मी रजा टाकलीय. आणि एक ऐका, मागच्यासारखा ओरखडा दिसला तर बघा."

मागचा ओरखडा म्हणजे ड्रेसिंग टेबलाचा. ते आत नेताना दाराची कडी त्याच्या पॉलिशला घासली होती, बोटभर. त्या बोटभर रेघेपायी सुनेची दोन बोटे दाराच्या फटीत चिरडली गेली होती.

सकाळी त्याला दूध आणायला पाठवून सासूसुना दारापुढे उभ्या राहिल्या. सुनेच्या गळ्यात शिवणाची टेप होती. तिने चौकट दोनदा मोजली.

"आई, दार असलं तर घासणार. नसलं तर दोन बोटं मोकळी राहतात."

"नुसती कडी काढ की."

"कडी काढली तरी दाराची जाडी आहेच ना. आणि कडीशिवाय दार ठेवून तरी काय करायचंय?"

मावशीने कडी एकदा सरकवून पाहिली. मग म्हणाली, "किती वेळाचा प्रश्न आहे?"

"ते लोक गेले की लगेच बसवते. तासाभराचं काम."

"मग काढ. ओरखडा नको बाई आज. आज तो दिवसभर घरात आहे."

या दोन बाया मूर्ख नव्हत्या. मार चुकवण्याचा त्यांचा अभ्यास दांडगा होता, आणि त्या अभ्यासानेच त्यांना फसवले. मार कशाने सुरू होतो हे त्या इतके जपत आल्या होत्या, की तो सुरू झाल्यावर आडोसा कशाचा हे त्या सकाळी मागे पडले. सुनेने हातोडीने बिजागरीच्या खिळी वर ठोकून काढल्या, दोघींनी मिळून दार उचलले आणि बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोरीखाली आडवे टेकवून ठेवले. हातोडी टेबलावर राहिली. नातीने रिकाम्या चौकटीतून तीनचारदा आतबाहेर केले. तिला गंमत वाटत होती.

टेम्पो अकराला येणार होता, तो आला जेवणवेळ टळून गेल्यावर. तोवर लिफ्टवाला खिडकी आणि घड्याळ यांच्यामध्ये येरझारा घालत होता. दुकानात फोन करून तिघांना शिव्या घालून झाल्या होत्या. सुनेने ताट वाढले, ते तसेच राहिले.

दोन हमाल आले. थोरला कानाला रुमाल बांधलेला, बोलका, धाकटा मुकाट. पट्टे खांद्यावर घेऊन त्यांनी कपाट तिसऱ्या मजल्यापर्यंत आणले. तिसऱ्या आणि चौथ्यामधल्या वळणावर ते अडकले. एक कोपरा कठड्यात, दुसरा भिंतीत, आणि खाली जेमतेम रांगत जाण्याइतकी फट.

"जिन्याचं माप कोणी घेतलं होतं, साहेब?" थोरल्याने खालून विचारले.

"जिना मला शिकवू नकोस. जिने आणि लिफ्ट यातच हयात गेलीय माझी."

"मग लिफ्टनंच न्यायचं होतं की!"

मजल्यावरची दारे उघडली होती. कोणीतरी हसले. काकूही हसल्या. लिफ्टवाला आत गेला, टेबलावरची हातोडी घेऊन आला आणि कठड्यावर घाव घालू लागला.

"अहो, कठडा नका तोडू!" थोरला ओरडला. "बिल्डिंगवाले आमच्या मानगुटीवर बसतील. थांबा, परत खाली घेतो, कपाटाचे पाय सोडवून आणतो."

हातोडी घसरली आणि कपाटाच्या मधल्या दारावर बसली. हातभर लांब ढलपी निघाली. लिफ्टवाला वळला आणि घरात शिरला. हातोडी हातातच होती.

"मापं कोणी घेतली?"

"मी फक्त आतलं दार मोजलं," सून म्हणाली. "जिन्याचं तुम्हीच म्हणालात..."

वाक्य पुरे झाले नाही. तिने चेहरा वाचवायला उजवा हात वर केला होता, घाव मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज नातीने ऐकला. पुढे साक्षीत तिने तो जसाच्या तसा सांगितला. दुसरा घाव खांद्यावर बसला. सून टेबलाच्या आणि शोकेसच्या मध्ये कोसळली. तिथे माणसाला कोसळायलाही पुरेशी जागा नव्हती. शोकेसची काच तिच्या पाठीवर फुटली. त्याने तिला केसांना धरून उठवले.

मावशी म्हणाली, "पोरीला झोप आलीय. आत घेऊन जा."

तोंडात बसलेले वाक्य होते, ते आपसूक आले. आणि सवयीनेच सुनेने केस सोडवून घेतले, डाव्या हाताने मुलीला कवळले आणि आतली खोली गाठली. तिथे पोचल्यावर ती मागे वळून कडी शोधू लागली. भिंतीला फक्त चौकट होती. बाहेरचा दरवाजा उघडा होता, पण जिन्यात कपाट होते.

तेव्हा मावशी चौकटीत जाऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी दोन्ही बाजू घट्ट धरल्या. ओली, निसटती बाळे पेलून पेलून त्या मनगटांत म्हातारपणीही जोर उरला होता.

"आई, बाजूला हो."

"नाही होत."

"तुला सांगतोय मी. बाजूला हो!"

"तुला मी नऊ महिने पोटात ठेवला, रे. त्याच्यानंतरची सगळी वर्षं तुला पोटात घातला. आता नाही. मार मला."

तो हे ऐकून थांबला असे लिहिता आले असते, पण तो थांबला नाही. त्याने आधी तिच्या बोटांवर मारले, चौकट सुटावी म्हणून. एक हात सुटला. दुसरा सुटेना, तेव्हा त्याने डोक्यावर मारले. ती गुडघ्यांवर आली, पण वाट अडवूनच. त्याने पुन्हा मारले. खोलीच्या आतून नात किंचाळत होती आणि या वेळी कोणाचा टीव्ही वाढला नाही, कारण सगळे जिन्यातच उभे होते.

पहिल्यांदा हलला तो थोरला हमाल. कपाटाखालच्या फटीतून तो रांगत वर आला, मागोमाग धाकटा. त्यांनी लिफ्टवाल्याला मागून धरले, आडवे पाडले आणि फर्निचर वाहण्याच्या पट्ट्यांनी त्याचे हात बांधले. धाकट्याच्या गालाला तो कडकडून चावला. थोरल्याने त्याच्या पाठीवर गुडघा रोवला आणि धापा टाकत बाहेर पाहिले.

"बघता काय? या की आत! माणसं आहात ना?"

काकू आल्या. मावशी चौकटीला टेकून बसली होती. रक्त कानावरून गळ्यात उतरत होते. काकूंनी पदर दाबून धरला आणि सवयीचा प्रश्न विचारला, "मावशी, पडलात का हो?"

मावशीने डोळे उघडले. "पडले नाही. पोरानं मारलं. सुनेलाही तोच मारतो. ती कधीच पडली नव्हती, मी खोटं बोलत होते."

एवढे बोलायला तिला बराच वेळ लागला. काकू, दोन्ही हमाल आणि सून या चौघांनी ते ऐकले. न्यायालयाने पुढे तीच मृत्युपूर्व जबानी धरली.

रुग्णवाहिकेतली माणसे स्ट्रेचर घेऊन कपाटाच्या खाली अडली. मग सगळी इमारत धावली. कोणी कुऱ्हाड आणली, कोणी पहार. पुरुष, बाया, ज्यांनी इतकी वर्षे त्या घराची कडी एकदाही वाजवली नव्हती, ते सगळे जीव तोडून त्या कपाटावर घाव घालत होते. वाट मोकळी झाली तोवर मावशी गेली होती. तिचा डावा हात चौकटीवरून सोडवावा लागला.

लिफ्टवाल्याला जन्मठेप झाली. सुनेने ते घर सोडले. मुलीला घेऊन ती दुसऱ्या भागात एका खोलीत राहते. मनगट वाकडे जुळले, मशीनवर कापड सरकवता येत नाही, म्हणून ती आता शिवलेल्या गणवेशांना बटणे लावते, डाव्या हाताने. हाताच्या उपचारासाठी आणि मुलीच्या पालनासाठी न्यायालयाने भरपाई मंजूर केली आहे. ती आजपर्यंत मिळालेली नाही.